मिठाची हाक

सकाळचे सहा वाजले की बायडाबाई हाक मारायची. तिला जाऊन दोन पावसाळे झाले होते, तरी मारायची.

"हेऽऽ ह्युर्रऽऽ... ये गं, ये गं, ये!" आणि शेवटी एक लहानसं हसू, पदराआड दाबल्यासारखं.

शेतात जाळीची वाघर लावून त्यात रात्रभर अंगाला अंग लावून बसलेली मेंढरं त्या हाकेसरशी झडझडून उठायची. रेडिओ एका खुंट्याला टांगलेला असायचा. त्याच्याभोवती ती गोळा व्हायची आणि माना वर करून उभी राहायची. मग रेडिओतून करिष्मा नावाची मुलगी खणखणीत आवाजात बोलू लागायची, "राम राम मंडळी! झुंजुरका झाला, पांघरुणं काढा, चुली पेटवा!" पाठोपाठ ढोलकी वाजायची, गाणं लागायचं, कांद्याचे भाव यायचे. मेंढरं मात्र हलायची नाहीत. कशाची तरी वाट बघत तशीच उभी राहायची.

कशाची, हे म्हाळूला ठाऊक होतं. त्याच्या सुनेलाही ठाऊक होतं. पण त्या गोष्टीवर दोघं बोलत नसत.

म्हाळूच्या तोंडाला मुळातच शब्द कमी. परळी तालुक्यात धर्मापुरीच्या अलीकडे एक लहान वस्ती आहे, तिथं त्याचं घर. घर म्हणजे पावसाळ्यापुरतं; बाकीचं वर्ष मेंढरांमागं या शेतातून त्या शेतात. शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं, तो मेंढरं शेतात बसवून घेतो. असली बोलणी करायची म्हणजे माणूस बोलका लागतो. म्हाळू नुसता उभा राहायचा आणि समोरच्याच्या पायांकडे बघायचा. लोकांना वाटायचं, हा रागावलाय. तो रागावलेला नसायचा. काय बोलावं हे त्याला सुचायचं तेव्हा समोरचा माणूस घरी जाऊन जेवायला बसलेला असायचा.

बायडाबाई लग्न होऊन आली आणि हा प्रश्न मिटला. शेतकऱ्याशी तीच बोलायची, बाजारात तीच, सोयऱ्यांशी तीच. आणि मेंढरांना हाकही तिचीच.

या हाकेची त्यांच्या घरात एक रीत होती. कळपाला हाक एकाच माणसाची. नवी सून घरात आली की सासू तिच्या ओंजळीत खडेमीठ द्यायची आणि म्हणायची, मार हाक. सून सुचेल तशी हाक मारायची आणि जी मेंढी जवळ येईल तिला मीठ चाटवायची. असं काही दिवस केलं की कळप त्या हाकेला लागायचा. मेंढरू वाट विसरतं, पिल्लूही विसरतं, पण हाकेमागचं मीठ विसरत नाही. म्हणून हाक मारली की मीठ द्यायचंच, चिमूटभर का होईना. आणि हाक मारणारं माणूस गेलं, की तेराव्याला कळपाची हाक बदलायची. दुसऱ्या कुणी नव्या हाकेनं मीठ चारायचं. जुनी हाक पुन्हा कुणी तोंडात आणायची नाही. चुकून आलीच, तर थुंकून टाकायची.

म्हाळूनं हीच रीत मोडली. मुद्दाम मोडली असंही नाही. ती त्याच्या हातून राहून गेली.

त्याचं असं झालं. बायडाबाई हिंडतीफिरती होती, तेव्हाची गोष्ट. परळीला नवं रेडिओ केंद्र निघालं होतं. खताच्या दुकानावरच्या माडीत दोन खोल्या, बस्स. तिथून रोज सकाळी 'झुंजुरका' लागायचा. त्यात गाणी असत, एक चांगला विचार सांगितला जाई, आणि रोज कुणीतरी पाहुणा असे. कधी साप पकडणारा, कधी भारूड म्हणणारी बाई, कधी दहावीला पहिली आलेली मुलगी. पाहुण्यांच्या शोधात करिष्मा एकदा यंत्र घेऊन शेतात आली. बायडाबाईनं तिच्या हातातल्या यंत्राकडे बघितलं.

"लस टोचायला आलीस का बाई?"

"नाही आजी, मी रेडिओवाली."

"मंग रेडिओ टोचायचा हाय का?"

करिष्मा हसून हसून खालीच बसली. मग दोघींचं जे सुरू झालं ते उन्हं वर येईपर्यंत. बायडाबाईनं ओव्या म्हटल्या, मेंढीचं अडलेलं बाळंतपण कसं सोडवायचं ते सांगितलं, लांडगा आला तेव्हा कोण कसं झाडावर चढलं ते सांगितलं. म्हाळू घोंगडीवर बसून काठी तासत होता.

"बाबा, तुम्ही पण बोला ना काहीतरी," करिष्मा म्हणाली.

"त्यांला कशाला तरास देतीस?" बायडाबाई म्हणाली. "त्यांचं समदं बोलणं मपल्याकडं जमा हाय. लागंल तवा लागंल तेवढं काढून देते."

म्हाळू काठीकडे बघत हसला.

"आजी, आता मेंढरांना हाक मारून दाखवा."

"आशी फुकट मारीत नसत्यात. मीठ आन गं उज्जे!"

उज्ज्वला, म्हणजे सून, मीठ घेऊन आली तेव्हाच बायडाबाईनं हाक मारली. कळप धावत आला. सगळ्यांच्या पुढं एक कोकरू होतं. काट्यात अडकून त्याचा एक कान तुटला होता, म्हणून कानतुटी. ते तिच्या तळहातावरचं मीठ चाटू लागलं. तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली. यंत्रात तेही सापडलं.

ती हाक लोकांना इतकी आवडली की करिष्मानं ती कार्यक्रमाला कायमची लावून टाकली. सहा वाजता एकदा, कार्यक्रम सुरू होताना. मग साडेसहाला पुन्हा एकदा, पाहुणा आत यायच्या वेळी. "चला, आजच्या पाहुण्यांना हाक मारू या," असं करिष्मा म्हणायची, बायडाबाई हाक मारायची आणि पाहुणा दार ढकलून आत यायचा. साऱ्या तालुक्याला त्याची सवय झाली. बायडाबाई बाजारात गेली की लोक म्हणायचे, "आवो मावशी, तुमच्या हाकंनं आमाला उठावं लागतंय." ती म्हणायची, "उठा की मंग. मेंढरं उठत्यात, तुमाला काय झालं?"

पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला. साधा वाटला. परळीला नेली तेव्हा उशीर झाला होता. परत आणली ती घोंगडीत गुंडाळून.

तेराव्याला पहाटे उज्ज्वला पदरात मीठ घेऊन वाघरीपाशी उभी राहिली. तीही मेंढपाळाच्याच घरची. तिनं घसा साफ केला.

"ऱ्हाऊ दे," म्हाळू म्हणाला.

"मामा, आज बदलावी लागती."

"ऱ्हाऊ दे म्हणलं ना."

"कावून?"

का, ते म्हाळूला सांगता येईना. इतक्यात सहा वाजले आणि रेडिओतून बायडाबाईनंच सांगितलं. मेंढरं उठली, रेडिओकडे आली. उज्ज्वला मीठ तसंच पदरात घेऊन माघारी गेली.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. रेडिओवरच्या हाकेला मीठ द्यायला म्हाळूचा हात धजत नव्हता. मेलेल्या माणसाच्या हाकेला मीठ दिलं तर ते माणूस इथंच बांधलं जाईल, असं त्याला वाटे. आणि हाक बदलली तर ते साफ जाईल. दोन्ही नको होतं. उज्ज्वला दुपारी दगडावर मीठ ओतून ठेवायची, मुकाट्यानं, हाक न मारता. मेंढरं ते चाटायची. पण सकाळची ती ज्याची वाट बघायची, ते हे मीठ नव्हतं.

एकदा रेडिओचे सेल संपले. त्या पहाटे हाक आलीच नाही. तरी सहाच्या सुमाराला मेंढरं उठली आणि मुक्या रेडिओखाली माना वर करून उभी राहिली. उज्ज्वलानं ते पाहिलं आणि तिच्या हातातली चरवी लवंडली.

दुसऱ्या एका पहाटे ती भाकरी थापत होती, डोक्यात दुसरंच काही होतं, आणि हाक आल्याबरोबर तिच्या तोंडून गेलं, "आले आत्या!" भाकरी तव्यावर करपली. मेलेल्या माणसाच्या हाकेला ओ द्यायची नसते, हे तिकडं लहान मुलालाही माहीत असतं. ती दिवसभर जेवली नाही.

संध्याकाळी ती म्हाळूला म्हणाली, "तुमाला गोड वाटतंय मामा, पर मपल्या काळजात धसका बसतो. आत्या रोज बोलवत्यात आन् त्यांला कुनीच जवळ करीना. त्यांला काय वाटत आसंल?"

म्हाळू तिच्या पायांकडे बघत राहिला.

पौष महिन्यात मेंढरं अर्जुनराव नावाच्या बागायतदाराच्या शेतात बसवली होती. शेत परळीच्या रस्त्याला लागून. कारखान्याचा हंगाम चालू होता. रात्रंदिवस उसाच्या गाड्या जायच्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर हे एवढाले भोंगे. झोप येऊ नये म्हणून ड्रायव्हर जे काही सापडेल ते मोठ्यानं लावून चालायचे.

त्या पहाटे धुकं असं पडलं होतं की स्वतःच्या काठीचं टोक दिसत नव्हतं. रेडिओचे सेल पुन्हा उतरले होते, आवाज मुंगीसारखा येत होता. सहा वाजले आणि हाक आली, पण खुंट्यावरून आली नाही. रस्त्यावरून आली. मोठी, आभाळभर. एका ट्रॅक्टरवर 'झुंजुरका' लागला होता.

इतक्या मोठ्यानं ती जिवंतपणीही कधी ओरडली नव्हती. आणि हाक एका जागी नव्हती. ती धुक्यातून चालली होती, पुढं, पुढं, परळीच्या अंगाला. मेंढरांनी वाघर पाडली. पुढं म्होरक्या मेंढा, त्याच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मागं सारा कळप.

म्हाळू पळाला. दिसत काही नव्हतं. फक्त घंटा ऐकू येत होती, आणि तिच्यापुढं करिष्माचं बोलणं, आणि ढोलकी. आता कुणीतरी हाक मारायला हवी होती. म्हाळूनं तोंड उघडलं. उभ्या जन्मात त्यानं कळपाला हाक मारली नव्हती. छातीतून वारा निघाला, आवाज निघाला नाही.

वळणावर ट्रॅक्टर हळू झाला. मेंढरांनी त्याला गाठलं आणि आवाज कुठून येतो ते शोधत ती दोन ट्रॉल्यांच्या मधून शिरू लागली. घंटा एकदा जोरात वाजली आणि थांबली.

ड्रायव्हर शहादेव नावाचा पोरगेला गडी. तो उडी मारून खाली आला आणि डोक्याला हात लावून बसला.

"काका, म्या काय केलं? म्या रेडिओच लावला फकस्त! हे कावून आले मपल्या मागं?"

म्होरक्या गेला होता. एक गाभण मेंढीही गेली होती. म्हाळूनं मेंढ्याच्या गळ्यातली घंटा सोडली. भोंग्यातून करिष्मा तोवर आजचा विचार सांगत होती: घरातून निघताना घरच्यांना सांगून निघावं, म्हणजे मागं राहिलेल्याला घोर लागत नाही.

"बंद कर बाबा तेवढं," म्हाळू शहादेवला म्हणाला. त्या सकाळी तो बोलला ते एवढंच.

म्हाळूचा मुलगा हरिओम परळीला मिस्त्रीच्या हाताखाली कामाला जायचा. तो संध्याकाळी आला आणि सरळच म्हणाला, "आबा, विकून टाकू समदी. येत्या बाजाराला. आज दोन गेली, उद्या समदी रस्त्यावर पडत्याल. हाक आईच्या ताब्यात, आन् आई रेडिओच्या ताब्यात. कसली राखण करता तुमी?"

"हाक बदलून बघू," उज्ज्वला मधे पडली. "मला बाजारापतुर येळ द्या. न्हाईच जमलं तर मंग विका."

म्हाळूनं मान डोलावली.

त्यांनी मेंढरं रस्त्यापासून दूर, वस्तीजवळ आणली. उज्ज्वलानं आपली हाक काढली, बारीक, थोडी नाकातली. मीठ दाखवलं. मेंढरं आली, चाटू लागली. दोन दिवस बरं गेलं. पण वस्तीत घरोघर 'झुंजुरका' लागायचा. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या मोबाइलवर. तिसऱ्या दिवशी उज्ज्वलाची हाक आणि बायडाबाईची हाक एकाच वेळी आल्या. मेंढरं मधोमध थांबली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि सुनेकडे पाठ करून सासूकडे गेली. सगळ्यांत पुढं कानतुटी. उज्ज्वलाच्या ओंजळीतलं मीठ तसंच राहिलं.

"जवर तिथं वाजतीया तवर हितं काय खरं न्हाई," ती म्हणाली. "मामा, तुमी जावा त्यांच्याकडं. सांगा त्यांला."

सांगा. म्हाळूला सांगायचं होतं! रात्रभर तो एकच वाक्य जुळवत बसला.

तो परळीला गेला. खताच्या दुकानाचा जिना चढून वर उभा राहिला. करिष्मानं ओळखलंच.

"अय्या! बायडाबाईंचे मालक! सोमेश्वर, बघ कोण आलंय!" सोमेश्वर म्हणजे काचेपलीकडे बसून यंत्रं चालवणारा माणूस. "बाबा, बसा. चहा घ्या. तुम्हाला सांगते, लोक सारखे विचारतात, त्या आजींचे मालक कसे आहेत, काय करतात. मी येणारच होते तुमच्याकडं. तुम्ही उद्या पाहुणे म्हणून या! नाही म्हणू नका."

"त्ये... हाक..." म्हाळू म्हणाला.

"हाक तर आहेच! हाकेवरच बोलू आपण. साडेसहाला या, लवकर आलात तर चहा पाजते."

म्हाळू जिना उतरला तेव्हा तो उद्याचा पाहुणा झाला होता, आणि ज्यासाठी आला होता तो शब्द घशातच राहिला होता. घरी आल्यावर हरिओमनं विचारलं, "सांगितलं का?" म्हाळू म्हणाला, "उद्या सांगतो." हरिओमनं कपाळावर हात मारला. "उद्याच बाजार हाय आबा. टेम्पोवाल्याला म्या सांगून आलो."

पहाटे निघताना अंधारात म्हाळू उज्ज्वलाला म्हणाला, "आज कळप टेकडीमागं न्हे. जिथं कुनाचाच रेडिओ ऐकू येत न्हाई तिथं. मीठ घेऊन जा."

"आन् तुमी?"

"म्या बघतो."

हरिओमच्या मोटारसायकलवर मागं बसून तो परळीला पोचला. त्याला एका छोट्या खोलीत बसवलं. समोर दार, दारापलीकडे करिष्मा. भिंतीवरच्या डब्यातून आत चाललेलं सगळं ऐकू येत होतं. सहा वाजता हाक झाली. म्हाळू चहाचा कप धरून बसला होता. मग गाणं झालं. सिरसाळ्याच्या कुणा पोराला वाढदिवसाच्या शुभेच्छा झाल्या. करिष्मा थंडीवर काहीतरी बोलली, सोमेश्वर खदखदला. इतकी हसती-खेळती जागा, आणि त्यात आपण हे काय घेऊन आलो, असं म्हाळूला वाटलं. उठून जावं, जिना तिथंच होता.

"चला मंडळी," डब्यातून करिष्मा म्हणाली, "आजच्या पाहुण्यांना हाक मारू या."

"हेऽऽ ह्युर्रऽऽ... ये गं, ये गं, ये!"

म्हाळूच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. रोज साडेसहाला तो मेंढरांमागं असायचा. ही दुसरी हाक पाहुण्यासाठी असते हे त्याला माहीत होतं, पण आजचा पाहुणा आपण, हे त्यानं जुळवलं नव्हतं. ती मेंढरांना बोलवत नव्हती. मेंढरं टेकडीमागं होती, त्यांना ऐकू येत नव्हतं. दार उघडं होतं, आत उजेड होता, आणि ती म्हाळूला बोलवत होती.

"आलो," म्हाळू म्हणाला. मोठ्यानं, चांगला स्पष्ट. "आलो, आलो."

आणि तो दारातून आत गेला. साऱ्या तालुक्यानं ते ऐकलं.

करिष्मा थोडी चपापली, पण सावरली. "या, या बाबा! बायडाबाईंच्या हाकेला ओ द्यायला आज खुद्द त्यांचे मालक आलेत. बाबा, रोज सकाळी हा आवाज ऐकून तुम्हाला काय वाटतं?"

म्हाळू तिच्या पायांकडे बघू लागला. आत काहीच वाजत नव्हतं. काचेपलीकडून सोमेश्वर हातवारे करू लागला. करिष्मा हसत म्हणाली, "बाबा जरा लाजाळू आहेत. तोवर एक फोन घेऊ. हॅलो, कोण बोलतंय?"

"म्या छबुबाई, सिरसाळ्याची. आवो, त्यांला सांगा, त्यांच्या मंडळींच्या हाकंवर म्या कोंबड्या सोडते. मालक गेल्यापासून मला सकाळी उठवणारं कुनीच न्हाई. तीच उठवती. लई माया हाय त्या आवाजात."

"ऐकलंत बाबा?"

"ऐकलं," म्हाळू म्हणाला. "मावशी, ती दमली आसंल."

गाणं लावायला पुढं झालेल्या सोमेश्वरला करिष्मानं हातानं थांबवलं.

"आमच्यात हाक मारली की मीठ द्यावं लागतं," म्हाळू म्हणाला. तो हळू बोलत होता, एकेक शब्द चाचपून. "फुकट हाक मारीत न्हाईत. तिनंच सांगितलं व्हतं, ह्या बाईंच्या म्होरं. आन् आमी तिला रोज फुकट हाक मारायला लावतो. मेंढरं येत्यात, मीठ न्हाई. पुन्हा दुसऱ्या रोजी येत्यात. जनावराला ह्यो धोका झाला. आन् तिच्या नावानं झाला. माझी दोन गेली त्यात. ट्रॅक्टरवाल्याचा दोष न्हाई. मीच बदलली न्हाई हाक. मला ती पायजे व्हती."

करिष्मानं विचारलं, "मग काय करायचं बाबा?" तिचा आवाज आता रेडिओवरच्यासारखा नव्हता.

"थांबवा."

"कायमची?"

"व्हय."

"मग शेवटची एकदा लावू? सगळ्यांना ऐकू दे."

"नको," म्हाळू म्हणाला. "आत्ता झाली ती शेवटची. म्या आलो की त्या हाकंला."

पलीकडे छबुबाईचा फोन अजून चालूच होता. तिकडून एक कोंबडा आरवला. मग ती म्हणाली, "बरं, बाबा. उठंन म्या आपली आपण." आणि फोन ठेवला.

सोमेश्वरनं गाणं लावलं, नुसत्या बासरीचं. जाताना करिष्मानं विचारलं, "बाबा, तो आवाज पुसून टाकू का? की तुम्हाला देऊ मोबाइलमध्ये?" म्हाळूनं विचार केला. त्याला हवा होता. किती हवा होता ते त्याचं त्याला ठाऊक. तो म्हणाला, "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. पर झाकून ठेवा."

हरिओमनं म्हाळूला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि गाडी वस्तीकडे वळवली. खाली दुकानापाशी उभं राहून त्यानं मोबाइलवर सगळं ऐकलं होतं. वस्तीच्या फाट्यावर टेम्पो येऊन थांबला होता. हरिओमनं गाडी थांबवली, टेम्पोवाल्यापाशी गेला आणि त्याला म्हणाला, "परत जा. आज न्हाई." टेम्पोवाला चिडला, "आज न्हाई मंजी कवा बे?" "कवाच न्हाई," हरिओम म्हणाला.

टेकडीमागं उज्ज्वला दगडावर बसली होती. तिच्याभोवती कळप चरत होता. तिची ओंजळ चाटून चाटून लाल झाली होती.

"आली," ती म्हणाली. "दोन डाव हाक मारली, दोन्ही डाव आली. एक कानतुटी तेवढी न्हाई. ती अशी उभी हाय बगा सकाळधरनं."

कानतुटी आता मोठी मेंढी झाली होती. ती कळपापासून बाजूला, परळीच्या दिशेला तोंड करून उभी होती.

दुसऱ्या दिवशी म्हाळूला नेहमीच्या वेळी जाग आली. त्यानं रेडिओ लावला नाही. वस्तीतल्या कुणाच्या तरी ओट्यावरून बारीक आवाज आला: बासरी, आणि मग करिष्माचा राम राम. मधली हाकेची जागा रिकामी होती. ती सगळ्या वस्तीला ऐकू आली असावी, कारण क्षणभर कुत्रंही भुंकलं नाही.

उज्ज्वलानं हाक मारली. मेंढरं उठून तिच्याकडे गेली. वाघरीत एकटी कानतुटी उरली, रिकाम्या खुंट्याखाली, मान वर करून.

म्हाळूनं चंचीतून मीठ काढून तळहातावर घेतलं. तिच्यापासून थोड्या अंतरावर तो बसला. आणि त्यानं हाक मारली. हाक कसली, घसा खाकरावा तसा काहीतरी आवाज. कानतुटीचा धड कान हलला. म्हाळूनं पुन्हा तोच आवाज काढला. या वेळी तो जरा लांबला.

मेंढी वळली आणि हळूहळू त्याच्याकडे आली. पण तिचे डोळे त्याच्याकडे नव्हते. ती त्याच्या खांद्यावरून मागं, त्याच्या पाठीशी कुणीतरी उभं असावं तशी बघत होती. ती मीठ चाटू लागली तेव्हाही तिची नजर तिथंच होती. तिची खरखरीत जीभ तळहातावरून फिरली आणि म्हाळूला गुदगुल्या झाल्या.

मागं धुकं होतं. म्हाळूनं वळून पाहिलं नाही. मीठ संपेपर्यंत तो तसाच हात पुढं करून बसला.